दोर बरोबर बसला होता

मला दुखणं नवं नव्हतं. आजारी पडायच्या आधी वर्षभर मी ते रोज शाळा सुटल्यावर शिकत होते, आणि तेही हौसेनं.

आमचं गाव सेलूपासून दोन कोसांवर. शाळा सेलूला. शाळेच्या मागं एक बंद पडलेलं जिनिंग होतं आणि त्याची कापसाची कोठी मालकानं मुलींच्या खेळासाठी वापरू दिली होती. कोठीच्या लोखंडी तुळईला आमच्या खेळाच्या लताबाईंनी एक दोर टांगला होता. सुती, अंगठ्याएवढा जाड, वरून सरळ खाली लोंबणारा. दोरीचा मल्लखांब म्हणतात त्याला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा, वर चढायचं, अंगाला वेढे द्यायचे आणि दोन पुरुष उंचीवर अधांतरी आसनं करायची. खाली बारदानात भरलेला जुना कापूस अंथरलेला असे.

पहिले दोन महिने माझ्या बोटांची बेचकी सोलून निघत होती. मांड्यांवर, पोटऱ्यांवर, कमरेवर लाल वळ. आई आंघोळीच्या वेळी ते बघायची आणि म्हणायची, "कोणी मारलंय का काय तुला? फुकटचा मार खायला जायलीस व्हय?"

बाईंचं शिकवणं मात्र सगळं त्या वळांवरच चालायचं. "दोर दुखणारच," त्या म्हणायच्या. "पण कुठं दुखायचं ते आपण ठरवायचं. हाडावर घेऊ नको, मांसावर घे." मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्यापासून चार बोटं वर, तिथं दोर बसला की जळतं पण तोल राहतो. कमरेचा वेढा कण्यावर येता कामा नये, बाजूच्या मांसात घ्यायचा. एखादीनं "आई गं" म्हटलं की बाई खालून विचारायच्या, "जळतंय की टोचतंय?" जळत असेल तर राहायचं, दहा मोजायचे. टोचत असेल तर त्याच क्षणी उतरायचं आणि जागा दाखवायची. हा त्यांचा एकच कडक नियम होता. बाकी त्या आमच्याशी पोरीसारख्या दंगा करायच्या.

तो नियम मी मोडला. पुढं काय झालं ते सांगण्याआधी एवढं कबूल करून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच माझी कीव यायला नको.

खोटं पहिलं

नववीत होते. वय सोळा, कारण एक वर्ष कापूस वेचण्यात गेलेलं. दिवाळीनंतर परभणीला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या आणि बाईंनी पाच मुली निवडल्या होत्या. त्यात मी होते. आमच्या घरात कुणाचं नाव कशाच्या यादीत लागल्याचं मला आठवत नाही, रेशनची सोडून.

पावसाळा सरता सरता पाठीत एका जागी टोचू लागलं. कमरेच्या थोडं वर, बरोबर मधोमध. दोराचं दुखणं खाली उतरलं की थांबतं. हे उतरल्यावर वाढायचं. झोपल्यावर जास्त, पहाटे सर्वांत जास्त. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. भाकरी नकोशी झाली. परकराची नाडी आवळता आवळता तिची टोकं लोंबायला लागली. मैत्रिणी म्हणाल्या, "लय हलकी झालीस सुमन, आता तू उडशील दोरावर." मला ते ऐकून बरं वाटायचं. गाढव होते मी.

पाठ कमानीसारखी वाकवून दोरावर आडवं व्हायचं एक आसन होतं. ते करताना एकदा मी ओरडले.

"जळतंय की टोचतंय?" बाईंनी विचारलं.

"जळतंय, बाई."

टोचतंय म्हटलं असतं तर यादीतून नाव गेलं असतं. म्हणून मी जळतंय म्हटलं, आणि पुढचे दीड महिने रोज म्हणत राहिले. बिचाऱ्या बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून काय काय केलं! वेढा दोन बोटं खाली घेतला. मग डावीकडे सरकवला. स्वतःच्या जुन्या पातळाची घडी माझ्या कमरेला बांधली. एकदा तर दोर आणि माझी पाठ यांच्यामध्ये स्वतःचा हात घालून उभ्या राहिल्या, कुठं दाब पडतो ते कळावं म्हणून. "बसलाय तर बरोबर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. दोर खरंच बरोबर बसला होता.

घरी मी सरावासाठी गोठ्याच्या आढ्याला मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, बांधला होता. बाईंनीच सांगितलं होतं, नुसतं लोंबकळायला, पकड पक्की व्हायला. तो नाडा मी महिनाभरात तीन-चार वेळा वापरला असेल. पण पुढं त्याला फार महत्त्व आलं.

बिब्बा

आईला शेवटी सांगावंच लागलं. तिनं बिब्बा तापवला आणि त्याच्या तेलाचे पाच ठिपके माझ्या पाठीवर दिले. दुसऱ्या दिवशी तिथं फोड आले. मग एका जाणत्या माणसानं पाठ चोळली. "शीर चढलीय" म्हणाला आणि गुडघा टेकवून दाबलं. मला अंधारी आली. आता ते आठवलं तरी घाम फुटतो, कारण आतून तो मणका भुसभुशीत झालेला होता. सेलूच्या एका डॉक्टरनं लचक सांगितली आणि शेक घ्यायला लावला. मी शेक घेतला, चोळून घेतलं, फोड सोसले आणि दोरावरही गेले. जो तो आपापलं औषध करत होता आणि मी सगळ्यांना होकार देत होते.

एके सकाळी अंगणातून घरात आले तेव्हा मंदा, माझी नऊ वर्षांची बहीण, हसायला लागली. "अक्का, तुजी एकच चप्पल हाय पायात!" मी खाली बघितलं. डाव्या पायातली चप्पल अंगणातच राहिली होती. ती पायातून निघाल्याचं मला कळलंच नव्हतं.

ज्या पायाच्या बोटांनी मी दोर धरायचे, त्यांना मातीचा स्पर्श कळत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

निदानाचा दिवस

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं त्या दिवशी सगळं बंद होतं. एसटी धावत नव्हती. वडिलांनी, अण्णांनी, बैलगाडीत गवताचा बिछाना केला आणि मला सेलूच्या स्टेशनवर आणलं. तिथून रेल्वेनं परभणी. डब्यात बसता येईना, म्हणून अण्णांनी दोन माणसांना हात जोडून बाकडं मोकळं करून घेतलं. माझ्या वडिलांना मी कुणापुढं हात जोडताना त्याआधी बघितलं नव्हतं.

दवाखान्यात पाठीचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी पाठीवरून एक बोट वरपासून खाली फिरवलं आणि ते एका जागी थांबलं. बिब्ब्याच्या डागांवर नजर गेल्यावर त्यांनी नुसता श्वास सोडला. मला स्ट्रेचरवर तिथंच ठेवून ते अण्णांशी बोलले. मोठी माणसं आजाऱ्याला बहिरं समजतात.

"क्षय आहे. मणक्याचा."

अण्णा म्हणाले, "खोकला तर न्हाई तिला, सायेब."

"याला खोकला लागत नाही. हाडाचा आहे."

"दोरावर खेळते ती. त्याच्यानं झालाय का?"

"पडली होती का कधी?"

"न्हाई. पडली न्हाई."

"मग खेळाचा काही संबंध नाही. उलट अंग कसलेलं होतं म्हणून एवढे दिवस उभी राहिली. अजून पंधरा दिवस घालवले असते तर पाय गेले असते. आता हलायचं नाही. अजिबात नाही."

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. अण्णा स्वतःच्या तोंडानं "पडली न्हाई" म्हणाले होते.

मला ढकलत वार्डाकडं नेत होते तेवढ्यात परभणीतच राहणारी माझी आत्या धावत आली. "काय झालं रे पोरीला?" तिनं विचारलं. अण्णा थांबले. त्यांनी आधी काही ठरवलं नसावं. त्यांच्या तोंडाकडं बघताना मला वाटलं, आता ते रडणार. ते म्हणाले, "दोरावरनं पडली. घरी. गोठ्यात."

मी "अण्णा" म्हणाले. त्यांनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली.

छत

काखेपासून कमरेच्या खालपर्यंत प्लास्टर घातलं. पोटावर तेवढी एक खिडकी कापली होती, जेवल्यावर फुगायला. तीन महिने उताणं. मी दोन पुरुष उंचीवर उलटी लटकणारी मुलगी, आणि मला माझ्या तोंडावरची माशी उडवायची तर हात उचलायला विचार करावा लागायचा.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते, कुणी सांगत नाही म्हणून.

कूस एकट्यानं बदलायची नाही. खांदा आणि कंबर एकाच वेळी वळली पाहिजे. दोघांनी ओंडका लोटतात तसं लोटायचं, आणि "आता" असं मोठ्यानं म्हणून. न सांगता वळवलं की माणूस धसकतो. गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी ठेवा. टाचा वर राहतील अशी पोटरीखाली चुंबळ ठेवा, नाहीतर टाचेला जखम होते. प्लास्टरच्या आत खाज सुटली तर काडी घालू नका. मी घातली, मोडली, आणि तिचा तुकडा शेवटपर्यंत आतच राहिला. लाल कॅप्सूलमुळं लघवी लाल होते. आईला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं भांडं बघितलं आणि वार्डात हंबरडा फोडला. नव्वद सुया टोचल्या. दोन्ही कुल्ल्यांवर गाठी झाल्या आणि कानात सारखी घंटी वाजायला लागली. ती सांगा डॉक्टरला, लपवू नका.

भांड्याची लाज पहिल्या आठवड्यात जाते. पाळीची जात नाही. आईनं ते सगळं कसं निभावलं ते लिहायला माझ्याकडं शब्द नाहीत, आणि तिच्याशी मी ज्या आवाजात बोलत होते तो आठवला की मान वर होत नाही. पाणी थंड म्हणून ओरडले, गरम म्हणून ओरडले. ती एकदाच म्हणाली, "ओरड बाई. तेवढंच चालतंय तुजं."

आईनं मला हातात धरायचा छोटा आरसा आणून दिला होता. तो कपाळावर तिरका धरला की डोक्यामागचा दरवाजा दिसायचा. माझं जग म्हणजे एक छत आणि आरशातला एक दरवाजा.

गयाबाई

शेजारच्या खाटेवर जिंतूरकडची गयाबाई होती. नामांतराच्या मोर्च्यात गेली, पळापळीत पडली आणि हात मोडून घेतला. जखम चिघळली म्हणून महिनाभर अडकली. कुणीही विचारलं की मोठ्यानं सांगायची, "मोर्च्यात पडले. पुन्ना निघाला तर पुन्ना जाईन."

पहिल्या दिवशी आईनं आमचा पाण्याचा तांब्या तिच्या बाजूच्या स्टुलावरून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. गयाबाईनं ते बघितलं. मीही बघितलं. आमच्या गावात असं शेकडो वेळा घडताना मी बघितलं होतं, पण उताणं पडल्यावर माणसाला दुसरं काम नसतं, सगळं दिसतं.

आठवडाभरानं एका दुपारी मला कूस बदलायची होती आणि आईसोबत दुसरं कुणी नव्हतं. सिस्टर दुसऱ्या वार्डात. पाठीला आग लागलेली. गयाबाई उठली, एका हातानं माझी कंबर धरली आणि आईला म्हणाली, "तुमी खांदा धरा. म्हना, आता." आई थबकली. मग म्हणाली, "आता."

त्यानंतर ती रोज वळवायची. एका हातानं तिला जे जमायचं ते दोन हातांच्या माणसांना जमत नव्हतं. तांब्या पुन्हा मधल्या स्टुलावर आला. आईनं तो कधी आणला ते मला दिसलं नाही.

एकदा भेटायला आलेल्या बायकांसमोर आत्या माझ्या पडण्याची गोष्ट सांगत होती. तोवर त्या पडण्याची उंची बरीच वाढली होती. सुरुवातीला गोठ्यात पडले होते, आता माडीइतक्या उंचीवरून. माडी आमच्या घराला नव्हतीच. बायका गेल्यावर गयाबाईनं मला विचारलं, "टीबीच्या गोळ्या खायलीस आन् पडले म्हनायलीस. कामून ग?"

मी म्हणाले, "लग्न व्हायचंय माझं."

ती म्हणाली, "आन् त्या मास्तरनीचं काय व्हायचंय?"

मला तोंड फिरवायचं होतं. पण कूस बदलणार कशी?

आरशात

बाईंचं काय व्हायचं ते होत होतं. "दोरावर पोरगी मोडली" असं सेलूत पसरलं. पालक शाळेत गेले. दोर उतरवला. स्पर्धेला आमच्या शाळेची एकही मुलगी गेली नाही. हे मला वर्गातल्या मैत्रिणीनं सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडं जरा रागानंच बघत होती. माझ्यामुळं तिचंही नाव यादीतून गेलं होतं.

एका रविवारी आरशात बाई दिसल्या. दारात उभ्या, हातात कागदाचं पुडकं. अण्णा उठून गेले. मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, फक्त अण्णांचा हात नाही नाही करत हलताना दिसला. बाईंनी पुडकं त्यांच्या हातात दिलं आणि आत डोकावल्या. आरशात आमची नजरानजर झाली असं मला वाटलं, पण त्यांना आरसा दिसला नसावा. पुडक्यात मोसंबी होती.

"भेटू का दिलं न्हाई त्यांना?" मी विचारलं.

"डाक्टरनं मनाई केलीय," अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी कसलीही मनाई केलेली नव्हती.

त्या दिवशी मी आईला म्हणाले, मी सगळ्यांना खरं सांगणार. आई मोसंबी सोलत होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "सांग. तुला मी आडवत न्हाई. पन मंदाकडं बग. क्षयवाल्याच्या घरची पोरगी कोन करंल? पडलेली चालती, बाई. पडलेलीचं हाड जुळतं. ह्याचं नाव निघालं की सात पिढ्याला लागतं." मग तिनं मोसंबीची फोड माझ्या तोंडात घातली. आईवर रागवावं असं मला फार वाटलं. पण ती तीन महिने माझ्या खाटेखाली फरशीवर झोपत होती. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

घरी

प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेली मुलगी मी ओळखली नाही. पोटऱ्या काठ्यांसारख्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसले आणि उलटी केली. उभं राहायला तीन आठवडे लागले. पाठीला पट्टा, दीड वर्ष गोळ्या. गोळ्या एकही दिवस चुकवल्या नाहीत. त्या संपेपर्यंत घ्या, बरं वाटलं तरी घ्या, हे या लिखाणातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

आज मी चालते, वाकते, नातवाला उचलते. पुढं माझं लग्न झालं, पालमकडं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी नवऱ्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "गोळ्या पुऱ्या केल्या होत्यास ना? मग झालं की." आणि चहा मागितला. ज्या एका गोष्टीसाठी आम्ही एवढं सगळं केलं, ती त्याच्या लेखी एवढीच होती. मी आत जाऊन खूप रडले. त्याला वाटलं, जुनं आठवलं म्हणून.

पण बाई आमच्या घरी आल्या होत्या ते त्याच्या फार आधी. मी दवाखान्यातून येऊन महिना झाला होता. पट्टा बांधून दिवसातून दोनदा उठायचे, बाकी वेळ बाजेवर. आत्यानं त्याच आठवड्यात पालमकडच्या स्थळाचा विषय काढला होता आणि ते लोक सहज म्हणून बघून जाणार होते. बाईंच्या नवऱ्याची बदली झाली होती. त्या निरोप घ्यायला आल्या होत्या. दोन कोस चालत. अण्णा शेतात होते आणि आईला दारातून परत पाठवणं जमलं नाही.

बाई बाजेशेजारी खाली बसल्या. खूप वाळल्या होत्या. माझ्या पायाची बोटं त्यांनी हातात घेतली, एकेक दाबून विचारलं, "कळतंय?" मी हो म्हणाले.

"सुमन, मला एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "रोज विचार करते. झोप येत नाही. तू जळतंय म्हणत होतीस. मी वेढा सरकवत होते. घरी तू एकटीच होतीस तेव्हा वेढा कुठं घेतला होतास? मी शिकवलेल्या जागी की दुसरीकडे?"

त्यांनी माझ्या बाजेवरची ओढणी उचलली, पीळ दिला आणि स्वतःच्या कमरेला लावली. "इथं?" मांसावर. मग पीळ मागं सरकवला, कण्यावर. "की इथं?"

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात पिठाची परात होती आणि ती हलत नव्हती. मंदा तिच्या मागं. मी आईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत धमकी असती तर मी खरं बोलले असते. तिथं नुसती विनवणी होती.

"मी घेतलाच नव्हता," एवढं तीन शब्दांचं वाक्य होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं. पाय चालत नव्हते तेव्हा वाटायचं, यापेक्षा जास्त हतबल माणूस होऊ शकत नाही. होऊ शकतो. जीभ चांगली असते आणि वळत नाही.

मी हात लांबवला आणि पहिल्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी शिकवलेल्या जागेवर. मला वाटलं, निदान एवढं तरी खरं सांगावं, की दोर बरोबर बसत होता. त्याचा अर्थ काय होईल हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

बाईंनी त्या जागेकडं बघितलं.

"म्हणजे मी सांगितलं तसंच केलंस," त्या म्हणाल्या. "मग जागाच चुकीची दाखवली मी."

"न्हाई, बाई..." मी म्हणाले.

त्यांनी ओढणीचा पीळ सोडवला, नीट घडी केली आणि बाजेवर ठेवली. मग उठून आईपाशी गेल्या आणि हात जोडले. "माफ करा. तुमची पोर माझ्या भरवशावर होती. मी आता पुन्हा कुणाला शिकवणार नाही."

आईनं परात खाली ठेवली. पदरानं हात पुसले. "जाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "आमी तुमाला बोल लावत न्हाई."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचे दोन्ही हात धरून त्यांनी पुन्हा पुन्हा आमचे आभार मानले आणि त्या गेल्या.